'जहाज' ऐवजी 'जाच' असे वाचावे

मोजणीदाराच्या हॉलमध्ये नऊ फूट बाजूचा एक समभुज त्रिकोण होता आणि त्याचं तिसरं टोक हॉलमध्ये मावत नव्हतं. सगळी भानगड इथून सुरू झाली.

घरात संगीत नीट ऐकायचं तर दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस हे तिघं समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर हवेत. स्पीकर भिंतीला चिकटवायचे नाहीत, मागे तीन फूट मोकळे सोडायचे, नाहीतर खर्ज भिंतीवर आपटतो आणि ढोलासारखा घुमत राहतो. ऐकणाऱ्यानेही भिंतीला पाठ लावून बसायचं नाही, कारण तेच. हे सगळं एका पातळ पुस्तिकेत लिहिलेलं होतं. बाकीची माणसं असल्या पुस्तिका चहाच्या कपाखाली ठेवतात. पण हा माणूस मोजणी कचेरीतला. लोकांच्या बांधांची भांडणं इंचात सोडवणारा. त्याने टेप काढला, खडू काढला आणि फरशीवर आखणी सुरू केली.

हॉल साडेआठ फूट खोल. त्यातले तीन स्पीकरमागे गेले. आकडेमोड करता त्रिकोणाचं तिसरं टोक मधल्या भिंतीच्या पलीकडे सव्वादोन फुटांवर पडलं. मोजणीदार टेप घेऊन पलीकडे गेला. तिथे सिंक होतं आणि सिंकसमोर बायको भांडी घासत होती.

"जरा सरक," तो म्हणाला.

"का?"

"तू टोकावर उभी आहेस."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं आणि कढई घासायला घेतली.

मोजणीदाराने बिल्डरच्या नावाने बोटं मोडली. बिल्डर लोक घर बांधताना त्यात कोण झोपेल, कोण जेवेल, कोण मरेल याचा विचार करतात की नाही देव जाणे, पण त्यात कोणी ऐकेल हा विचार त्यांच्या डोक्याला शिवत नाही हे नक्की. शेवटी त्याने आपली खुर्ची मधल्या भिंतीला टेकवली. या भिंतीत ताटं-वाट्या पलीकडून अलीकडे द्यायची एक खिडकी होती. खुर्ची बरोबर तिच्याखाली. उरलेला त्रिकोण त्याने मनातल्या मनात पूर्ण केला आणि एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसून जॅझ ऐकलं.

एकोणीस वर्षं, आणि एकट्याने. हे त्याचं खरं दुखणं.

त्याच्याकडे एकशे बारा रेकॉर्डी होत्या आणि त्यांतली कुठलीही एक तो तुम्हाला हात धरून ऐकवायला तयार होता. तुम्ही मात्र तयार नव्हता. मेहुणा एकदा बसला. दहा मिनिटं मान डोलावून त्याने सांगितलं, "दाजी, यांचं वाद्य जुळवून झालं की मला हाक मारा." कचेरीतला हेडक्लार्क बसला आणि पहिल्याच सोलोत त्याने बदल्यांचा विषय काढला. माणसं देवळात गप्प बसतात, दातांच्या डॉक्टरकडे गप्प बसतात, साहेबासमोर तर इतकी गप्प बसतात की श्वास ऐकू येतो. पण समोर कोणी जीव तोडून ट्रम्पेट वाजवत असलं की नेमकी त्यांना बोलण्याची उबळ येते. याला बहिरेपणा म्हणत नाहीत. याला निव्वळ उद्धटपणा म्हणतात.

सगळ्यांत लाडकी होती ती निळ्या कव्हरची. पाच माणसांनी एका लहानशा सभागृहात एका दुपारी वाजवलेली. तिची दुसरी बाजू म्हणजे बावीस मिनिटांचा एकच तुकडा. आधी डबल बेस, ते माणसाएवढं जाड तारांचं वाद्य, एकटा चालत येतो, जड पायांनी, सामानाने लादलेल्या माणसासारखा. मग ट्रम्पेट काहीतरी म्हणतो. सॅक्सोफोनला ते पटत नाही. मोजणीदार सांगायचा की दोन भाऊ बांधावरून भांडतात, पार हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी एकाच विहिरीवर पाणी प्यायला बसतात, तशी ती बाजू आहे. त्याने अशी शेकडो भांडणं पाहिली होती. विहिरीपर्यंत पोचलेलं एकही नव्हतं. म्हणूनच त्याला ती बाजू आवडत असावी.

तर अशातच मुलीला घरं बांधायच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि पाच फुटी ड्रॉइंग टेबलाची गरज निर्माण झाली. बायकोने हॉलमधून एक फेरी मारली आणि निकाल दिला.

"ही दोन कपाटं माळ्यावर जातील."

"कपाटं नाहीत, स्पीकर आहेत ते."

"कपाटात निदान कपडे तरी राहतात."

"अगं, माणसं यासाठी लांबलांबून येतील. त्यांना समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही, एवढंच."

"माणसं?" बायकोने ओला हात पदराला पुसला. "दहा-वीस नकोत. एक आणा. एका माणसाने एक बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंडातून शब्द न काढता ऐकली, तर स्पीकर राहतील जिथे आहेत तिथे. नाहीतर माळा. रविवारपर्यंत मुदत."

"एकच?" मोजणीदार हसला. असं हसू माणसाने हसू नये. पुढे त्रास होतो.

त्याने बसून कार्यक्रमाचं नाव ठरवलं: 'घरच्या घरी जॅझ: आवडती रेकॉर्डिंग व ऐकण्याबाबत मार्गदर्शन'. इमारतीत दहापेक्षा जास्त माणसं जमवायची तर सेक्रेटरीचा अर्ज भरावा लागे. सेक्रेटरी हा प्राणी तुमच्याही इमारतीत असेल. पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या कमरेला लावल्या की त्याला राज्याभिषेक झाल्यासारखं वाटतं. अर्जात कार्यक्रमाचे तीनच प्रकार होते: धार्मिक, कौटुंबिक, व्यापारी.

"यात 'इतर' नाही," मोजणीदार म्हणाला.

"इतर आपण होऊ देत नाही. कौटुंबिक टाका. कुटुंबातच चाललंय ना तुमचं?"

त्याने कौटुंबिक टाकलं. सेक्रेटरीने सूचना फोनमध्ये तोंडी सांगून उतरवली, कारण चष्मा घरी होता. फोनला जॅझ हा शब्द माहीत नव्हता. त्याने आपल्या अकलेने जवळचा घेतला. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर शिक्क्यासकट कागद लागला: रविवारी सकाळी अकरा वाजता, 'घरच्या घरी जहाज: आवडती रेकॉर्डिंग व ऐकण्याबाबत मार्गदर्शन'. प्रकार कौटुंबिक. चहाची सोय आहे.

मोजणीदाराने तिथूनच फोन लावला.

"जहाज नाही हो. जॅझ. ज, त्याच्यावर चंद्र, पुढे झ."

"तुम्ही तोंडानेच तसं बोललात."

"आता दुरुस्त करा."

"शिक्का पडला. शिक्का पडलेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही, तुम्हीच सरकारी माणूस, तुम्हाला मी सांगू? शुद्धिपत्रक काढतो."

"काढा. पण चंद्र विसरू नका."

"आमच्या फोनवर चंद्र निघत नाही. नुसता काना देतो."

"बरं, काना द्या. पण झ द्या. झबल्यातला."

"जवळचं काहीतरी टाकतो. लोक समजून घेतात."

संध्याकाळी शुद्धिपत्रक लागलं. मोठ्या अक्षरात, शिक्क्यासकट: 'आजच्या सूचनेत जहाज ऐवजी जाच असे वाचावे.'

म्हणजे आता इमारतीतल्या बेचाळीस कुटुंबांना अधिकृतपणे कळलं होतं की मोजणीदाराकडे रविवारी 'घरच्या घरी जाच' हा कौटुंबिक कार्यक्रम आहे, आवडत्या रेकॉर्डिंगसह. मार्गदर्शन मिळेल. चहाची सोय आहे.

याचे परिणाम आधी बायकोला भोगावे लागले. वरच्या मजल्यावर एक काकू होत्या. कोणाचा पेपर कोण उचलतं, कोणाकडे पाहुणे किती दिवस राहतात हे सगळं त्या एका वहीत लिहीत, म्हणून त्यांना नोंदकाकू म्हणत. त्या जिन्यात बायकोचा हात धरून उभ्या राहिल्या.

"किती वर्षं झाली गं?"

"कशाला?"

"सोसतेयस ते."

बायकोला वाटलं स्पीकरबद्दल विचारतायत. "एकोणीस," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. एक दिवस चुकत नाही."

नोंदकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "आणि तो रेकॉर्डिंगही करून ठेवतो?"

"एकशे बारा आहेत. वर तारखेवार लावून ठेवलीत."

शनिवारपर्यंत मोजणीदाराला लिफ्टमध्ये कोणी नमस्कार करीना. त्याला वाटलं, लोक दबून आहेत. कलेबद्दल आदर वाटला की माणूस असा गप्प होतो, असा त्याने अर्थ लावला.

शनिवारी दुपारी फेजकाका आले. हे वीज कंपनीतून निवृत्त झालेले, शेजारच्या ब्लॉकमधले. जगातलं कुठलंही दुखणं, मग ते गुडघ्याचं का असेना, फेज उलटी लागल्यामुळे होतं अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी स्पीकरच्या मागे वाकून पाहिलं आणि चुकचुकले.

"तारा उलट्या आहेत तुमच्या."

"लाल लालला, काळी काळीला. एकोणीस वर्षं आहेत तशा."

"एकोणीस वर्षं चूक करताय." मोजणीदार चहा सांगायला आत गेला तेवढ्यात त्यांनी एका स्पीकरच्या तारा फिरवल्या. परत येऊन पाहतो तर फेजकाका हात झटकत उभे. मग त्यांनी गाद्यांचा सल्ला दिला. भिंतींवर गाद्या टांगल्या की आवाज मऊ होतो. मोजणीदाराने पुस्तिका पाहिली. पुस्तिकेत जाड पडदे लिहिलं होतं. घरात जाड पडदे नव्हते, गाद्या होत्या. दोघांनी मिळून चार गाद्या खिळ्यांना सुतळीने बांधल्या. एक रात्रभरात सुटून माशांच्या टाकीवर पडली आणि त्या रात्री सगळं कुटुंब फरशीवर चटया टाकून झोपलं. मासे वाचले.

रविवारी अकराला अठ्ठावीस माणसं आली. मोजणीदाराचा ऊर भरून आला. एकोणीस वर्षांत या घरात जॅझसाठी आलेली एकूण माणसं दोन, आणि आज अठ्ठावीस. बायका जास्त होत्या. त्या आल्या त्या सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बायकोच्या पाठीवरून हात फिरवून येत होत्या. नोंदकाकू वही घेऊन पुढच्या रांगेत बसल्या. कोपऱ्यात तळमजल्यावरचे बोटवाले आजोबा होते. ते तीस वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. त्यांनी पहिला कागद वाचला होता, शुद्धिपत्रक वाचलंच नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मांडीवर जुन्या जहाजांच्या फोटोंचं पाकीट होतं.

मोजणीदार उभा राहिला. घसा साफ केला.

"आजचा विषय तुम्हाला ठाऊक आहेच. पुष्कळांना वाटतं, हे आपल्या घरात नको. मी म्हणतो, प्रत्येक घरात हवं."

पुढच्या रांगेतून एक सुस्कारा आला.

"सुरुवातीला त्रास होतो. डोकं दुखतं. पण रोज थोडं थोडं केलं की सवय लागते. माझ्या घरात बायकोला सवय झालीच ना. मुलगी तर यातच वाढली."

"लाज कशी वाटत नाही," मागून कोणीतरी हळू म्हणालं.

"लाज मलाही वाटायची," मोजणीदार मोठेपणाने म्हणाला. "आधी मी दारं-खिडक्या लावून करायचो. आता उघड्यावर करतो. आज तर तुम्हा सगळ्यांसमोर करणार आहे."

दोन बायका उठून बायकोच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. नोंदकाकूंनी पेनचं टोपण काढलं. "सगळ्यांसमोर काय करणार आहात? नीट सांगा, मी उतरवून घेतेय."

"दुसरी बाजू लावणार आहे," तो म्हणाला आणि निळ्या कव्हरमधून तबकडी काढली.

तबकडी पाहून हॉलमध्ये जी शांतता पसरली तिला निराशा म्हणायची की सुटका, हे सांगणं कठीण आहे. सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. सेक्रेटरी म्हणाला, जवळचं टाकलं होतं, लोक समजून घेतात. लोकांनी मुळीच समजून घेतलं नाही. जाच नाही म्हटल्यावर निम्मी माणसं चहा पिऊन तडक निघाली. सुखी संसार बघायला माणूस जिना चढत नाही.

उरली चौदा. मोजणीदाराने मान ताठ ठेवून सुई टेकवली. त्याला एकच हवा होता.

डबल बेस आला, पण आज त्याच्या पायांत जोर नव्हता. कुठून तरी लांबून, शेजारच्या इमारतीत चालत असल्यासारखा वाजत होता. फेजकाकांनी फिरवलेल्या तारांनी दोन स्पीकर एकमेकांशी भांडत होते आणि गाद्यांनी उरलासुरला आवाज गिळला होता. तिसऱ्या मिनिटाला सेक्रेटरीचा फोन वाजला. तो गेला, त्याच्यामागे टाकीचं पाणी विचारायला तिघं गेले. पाचव्या मिनिटाला फेजकाका म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतंय बघा." बाद. आठव्या मिनिटाला सॅक्सोफोन चढला तशी एक बाई शेजारणीला म्हणाली, "कुकरची शिट्टी गेलीय यांच्याकडे." दोघी बाद. नोंदकाकू वहीत काय लिहावं या विवंचनेत तेराव्या मिनिटापर्यंत टिकल्या, मग म्हणाल्या, "येते हो, यात लिहिण्यासारखं काही नाहीये, म्हणजे बरंच आहे म्हणायचं." त्यांच्यासोबत फेजकाकांसकट बाकीचे सगळे उठले.

सोळाव्या मिनिटाला हॉलमध्ये एकटे बोटवाले आजोबा होते. डोळे मिटलेले. हात पाकिटावर. ओठ घट्ट.

मोजणीदाराने श्वास रोखला. एक माणूस. फक्त सहा मिनिटं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन विहिरीकडे निघाले होते. सतरा. अठरा. आजोबांचा चेहरा इतका शांत होता की मोजणीदाराला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एकोणिसाव्या मिनिटाला आजोबांनी घोरायला सुरुवात केली. बेसच्याच पट्टीत.

मोजणीदाराने त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकून जागे झाले.

"छान झोप लागली रे," ते म्हणाले. "इंजिनासारखं वाजतंय. तीस वर्षं मी त्या आवाजाशिवाय झोपलो नव्हतो, आणि निवृत्त झाल्यापासून झोपच नाही. पुन्हा कधी आहे?"

"आता नाही," मोजणीदार म्हणाला. आजोबांना त्याने दारापर्यंत सोडलं, दारातच एक फोटो पाहिला आणि ते जहाज कुठे बुडालं ते ऐकून घेतलं. मग परत येऊन त्याने बटणाकडे हात नेला. तबकडी अजून फिरत होती. त्याला बायकोच्या समोर रडायचं नव्हतं, म्हणून तो तारांकडे वाकून आवाजात ताठरपणा आणत म्हणाला, "शिडी काढ. माळ्यावर टाकतो."

"थांबा," खिडकीतून बायकोचा आवाज आला. ती अठ्ठावीस कप विसळत होती. "बाजू संपू दे. खोकला राहिलाय."

"कसला खोकला?"

"शेवटी तो खोकतो ना एक जण. पिपाणीवाला थांबला की."

"या रेकॉर्डवर खोकला नाही." हे मात्र तो ठासून म्हणाला. या रेकॉर्डचा ओरखडा न् ओरखडा त्याला पाठ होता.

"आहे. टाळ्या वाजायच्या आधी. पहिली काही वर्षं मला वाटायचं तुम्हीच खोकता. मी हळदीचं दूध नाही का द्यायचे रोज? मग एकदा तुम्ही गावाला गेला होता, मी लावलं, तर तेव्हाही खोकला."

मोजणीदार ताराच धरून उभा राहिला. ते हळदीचं दूध त्याने वर्षानुवर्षं का प्यायलं हे त्याला आज कळत होतं.

"तू लावलंस? माझ्याशिवाय?"

"घर फार गप्प वाटत होतं."

तो वाकला तर लालच्या जागी काळी तार. त्याने तारा पूर्ववत केल्या, गाद्या खाली ओढल्या. तबकडी संपून सुई मधल्या कागदापाशी घासत होती. त्याने ती उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आपल्या खुर्चीकडे निघाला.

"तिथून नाही ऐकू येणार," बायको म्हणाली. "इकडे या."

तो आत गेला. ती सिंकसमोरून अर्धा हात बाजूला झाली आणि तो तिच्या जागेवर उभा राहिला. समोर खिडकी, खिडकीच्या चौकटीत दोन स्पीकर, दोघांपासून तो नऊ फुटांवर. टेप लावायची गरज नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः मोजलं होतं.

बेस चालत आला आणि या वेळी त्याने सामानाची पिशवी थेट मोजणीदाराच्या पायापाशी ठेवली. मोजणीदाराने आजवर भिंतीला डोकं टेकून ऐकलं होतं ते नुसतं घुमणं होतं. इथे पाचही माणसं वेगवेगळ्या जागी उभी होती. कोण डावीकडे, कोण मागे, ड्रमवाल्याचं स्टूल करकरतंय, हेही कळत होतं. तो काही बोलणार तोच बायकोने ओलं बोट ओठांवर ठेवलं.

बावीस मिनिटं दोघांपैकी कोणी बोललं नाही. तिने कप विसळले, त्याने ते पुसले. ट्रम्पेट थांबला. मग अगदी स्पष्ट, कोणीतरी बराच वेळ दाबून ठेवलेला खोकला खोकलं. आणि मग टाळ्या.

"हं," बायको म्हणाली, "दमा असणार बिचाऱ्याला."

मोजणीदाराने हातातला कप पुसून ठेवला.

"म्हणजे बाजू पूर्ण ऐकलेलं माणूस," तो म्हणाला, "होतं तर."

"कोणी विचारलं होतं?"

"आणि शब्द न काढता?"

"तुमच्या त्या बावीस मिनिटांत कधी बोलू दिलंत?"

मुदतीच्या अटी शब्दशः पाळल्या गेल्या. स्पीकर जिथे होते तिथे राहिले. माळ्यावर गेली ती खुर्ची, आणि तिच्या जागी खिडकीखाली मुलीचं पाच फुटी टेबल बरोबर बसलं. दर रविवारी अकराला बोटवाले आजोबा उशी घेऊन येतात आणि बेससोबत घोरतात. मोजणीदाराला आता ऐकायचं तर एकच जागा उरली, आणि त्या जागेवर रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही, असा बायकोचा नवा नियम आहे.

त्यामुळे रोज संध्याकाळी समोरच्या जिन्यावरून नोंदकाकूंना स्वयंपाकघराच्या बाहेरच्या खिडकीतून एकच दृश्य दिसतं. मोजणीदार सिंकपाशी उभा, कोपरापर्यंत साबण, डोळे मिटलेले, गालावर पाणी, आणि मागे स्टुलावर बसून बायको चहा पितेय. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. काकूंनी वहीतलं जुनं पान काढून पुढे लिहिलं आहे: शुद्धिपत्रक बरोबर होतं. फक्त जाच कोणाला, ते आम्ही उलटं धरलं होतं.